दोन कोरफडी

कुंपणाची कोरफड कुणी मोजत नाही.
गुरं तिला खेटतात, पोरं तोडतात,
तरी तिला नारिंगी तुरे येतात
आणि मात्सेपिसो तिच्यावर ओली घोंगडी वाळत टाकते.

दुसरी वर, मालुतीच्या कड्यावर.
पानांचा भोवरा;
एखादा डावा फिरतो, एखादा उजवा.
तिचं नाव सरकारी वहीत आहे,
पुढे एकच शब्द : धोक्यात.

गेल्या हिवाळ्यात त्सेपिसोनं सात उपटल्या,
गाडीवाल्याला विकल्या, बूट घेतले.
कुंडीत महिनाभर तरी जगल्या असतील का?
त्यांना उतार लागतो म्हणे,
धुकं लागतं.

आई रागावली नाही.
दारातल्या नव्या बुटांकडे बघत
एवढंच म्हणाली,
"चढायला बरे आहेत ना?"

आता तो तेच घालून वर जातो,
खड्डे मोजतो.
अजून सातच आहेत.