सातवा रकाना

कुडचड्यात, हार्डवेअरच्या दुकानावरच्या माळ्यावर
आमची कंपनी : चार टेबलं, सहा माणसं
आणि पत्र्याखाली तापणारा एक सर्व्हर.
त्याच्यासाठी एसी आहे. आमच्यासाठी पंखा.

पतसंस्थेनं सव्वीस वर्षांच्या वह्या पाठवल्या
काजूच्या गोणींतून.
महिनाभर मी त्या भरत होते :
नाव, वय, रक्कम, तारण, हप्ते, जामीनदार,
आणि सातव्या रकान्यात वाडा.
जातीचा रकाना मी आधीच काढून टाकला होता.
त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं,
चहा पिताना मी ते बोलूनही दाखवलं होतं.

यंत्र शिकलं.
शहाण्या पोरासारखं, एकही प्रश्न न विचारता.

मग काणकोणच्या डोंगरउतारावरून
सुकांती वेळीपचा अर्ज आला.
मिरची सुकवायचं मशीन घ्यायचंय, ऐंशी हजार.
गुण : नऊशेपैकी तीनशे अकरा.
शेरा : जोखीम जास्त.

शेऱ्याचे शब्द माझेच,
शेवटची बस चुकू नये म्हणून
एका संध्याकाळी घाईत टंकलेले.

अकरा वर्षांत बचत गटाचा एक हप्ता चुकलेला नाही तिचा.
पण तो हिशेब बिस्किटाच्या डब्यात राहतो
आणि डबा आमच्या सर्व्हरला दिसत नाही.

रात्री मी तिचाच अर्ज पुन्हा भरला.
सगळं तेच. फक्त सातव्या रकान्यात
तिचा वाडा पुसून माझा लिहिला.
सहाशे अठ्ठ्याऐंशी.
पुन्हा तिचा. तीनशे अकरा.
पुन्हा माझा.
कितीतरी वेळ मी हेच करत बसले,
दिव्याच्या बटणाशी खेळणाऱ्या पोरासारखी.

मग गोण्या उपसल्या.
तिच्या वाड्यावरून आलेले अर्ज, सव्वीस वर्षांत नऊ.
नऊंवरही एकाच हाताचं, उजवीकडे उतरत जाणारं अक्षर :
'पुढच्या सभेत पाहू.'
ती पुढची सभा कुठल्याच वहीत नाही.
ज्यांना कधी दिलंच नाही
त्यांनी फेडल्याची नोंद येणार कुठून?

आणि ट्रकवाल्यांची कर्जं? खाणी थांबल्या तेव्हा
तीस-तीस लाख लाल मातीत गेले.
ती वर्षं गुणाजीबाबांनी फोनवरून वगळायला लावली.
'अपवादात्मक परिस्थिती गो ती.'
मी वगळली. एक ओळ पुरली त्याला.

बुधवारी दोन्ही आकडे त्यांच्यासमोर ठेवले.
त्यांनी चष्मा पुसला, दोनदा.
'यंत्राक खंयची जात, बाय?' म्हणाले,
आणि गोण्या परत मागितल्या.

सोमवारी उद्घाटन. नारळ आणून ठेवलाय,
सर्व्हरच्याच खोलीत, गार राहावा म्हणून.

आज दुपारी सुकांतीचा फोन आला.
मागे कुणीतरी लाकूड फोडत होतं.
रागानं नाही, नुसत्या कुतूहलानं तिनं विचारलं,
'बाय, तुजें यंत्र म्हाका वळखता?'

ओळखतं, असं ओठांवर आलं होतं.
तू अर्ज भरायच्या आधीपासून ओळखतं,
तुझ्या आज्याला ओळखतं,
कधीच निवृत्त झालेल्या एका कारकुनाच्या
उतरत्या अक्षरावरून ओळखतं.

मी तिला मिरचीचा भाव विचारला.
तिनं सांगितला, वर म्हणाली,
यंदा ऊन कमी पडलं, निम्मी बुरसली.

आता पत्र्यावर मांजर चालतंय.
ती वगळणारी ओळ समोर उघडी आहे.
तिच्या डोक्यावर मी एक टीप लिहिलीय, मराठीत,
माझ्यानंतर हे कुणी उघडेल त्याच्यासाठी :
'हे यंत्रानं ठरवलं नाही. मी ठरवलं.'
खाली नाव, तारीख.

टिपा यंत्र वाचत नाही.
त्या ओलांडून ते पुढच्या ओळीवर जातं,
तसंच शिकवलंय आम्ही त्याला.

शनिवार आहे. अजून दोन रात्री आहेत.
मी सातव्या रकान्यावर बोट ठेवून बसले आहे.