गळती

नव्या कार्यकर्त्यांनो,
तो तक्ता आधी गुंडाळून ठेवा.
अकरा वर्षं टांगला मी मुसाखेडीच्या समाजमंदिरात.
डावीकडे तापलेली पृथ्वी,
उजवीकडे बोचकं घेतलेला माणूस,
मधे लाल बाण.
बाण काढायला फार सोपा असतो.

पहिल्या दिवशी फळ्यावर 'हवामान बदल' लिहू नका.
मी लिहिलं होतं, वळणदार अक्षरात.
मुलांनी वहीत उतरवलं, खाली दुहेरी रेघ मारली,
विषय संपला.

थावरी तेव्हा तेराची. आलीराजपूरकडची.
कडेवर भाऊ. (येऊ द्या, भावासकट येऊ द्या.)
म्हणाली, "बाई, आम्ही हवेमुळं नाही आलो,
टेम्पोमुळं आलो."
सगळे हसले. मीही हसले.
रात्री भाकरी उलथताना मात्र
ते हसू कुठे गेलं कळेना.

दुसऱ्या दिवशी एवढंच विचारलं,
टेम्पो पूर्वी कधी यायचा?
"दिवाळी झाल्यावर."
आणि आता?
"आता मका कापायच्या आधीच. कापायला असतं काय?"

इथे थांबा.
जीभ आवरा, मला नाही आवरली कितीदा तरी.
गप्प राहिलात की मुलं आपली आपण मोजू लागतात.
रेमसिंगनं मोहाचं मोजलं,
फुलं वेचायच्या पंधरवड्यात दोनदा गारा.
बुधलीनं विहीर मोजली दोरानं,
आजीच्या वेळी दहा हात, आईच्या वेळी सव्वीस.
"मग दोर संपला, बाई."
मग?
"मग टेम्पो."

नळ येतो एक दिवसाआड, पहाटे.
पाण्याचा धडा तेव्हाच घ्या, टाकीपाशी, हंड्यांच्या रांगेत,
भांडणं चालू असताना.
विचारा, हे पाणी कुठलं?
टाकीचं म्हणतील. पार्षदाचं म्हणतील.
मग सांगा: नर्मदेचं, सत्तर किलोमीटरवरून,
पंपामागे पंप, घाट चढून आलेलं.
हे सांगताना माझी मान जरा ताठ व्हायची,
आम्हा इंदुरी लोकांची होते.
थावरी म्हणाली,
"म्हणजे हीपण घाट चढून आली कामाला.
हिचं भाडं कोण देतं?"

याचं उत्तर पुस्तिकेत नाही.
पान बत्तीसवर एक खेळ आहे,
त्याला वीस खुर्च्या लागतात.

आणि कुणीतरी विचारणारच, तुमचं गाव कोणतं?
मी सवयीनं म्हटलं, वाईकडचं.
कधी पाहिलेलं नाही.
"मग इकडे का आलात?"
खापरपणजोबांचेही आजोबा फौजेमागून आले,
काखेत दप्तर, कानावर बोरू.
जमीन मिळाली, राहिले.
"तिकडे दुष्काळ होता?"
माहीत नाही रे. आमच्या घरात
कुणी विचारलंच नाही दोनशे वर्षांत.
आमचं येणं बखरीत गेलं, जरीच्या बासनात.
यांचं अहवालात, पान नऊ, 'समस्या' या मथळ्याखाली.

हे त्यांना सांगून टाका.
तुमचंही असेल काही, सिंधचं, भुसावळचं, कुठलं तरी.
'प्रशिक्षकाने तटस्थ राहावे' असं छापलंय.
खोडलंत तरी चालेल. माझ्या प्रतीत खोडलेलंच आहे.

भगोरियाला वर्ग ओस पडतो. पडू द्या.
होळीनंतर येतात परत,
सगळे नाही.
यंदा थावरी आली नाही.
कुणी म्हणतं राजकोट, कुणी म्हणतं लग्न,
भावाचं कुणीच काही सांगत नाही.

हजेरीपटात अशांसाठी शेवटचा रकाना आहे,
त्यात शिक्का मारायचा: 'गळती'.
शिक्का माझ्या खणात आहे, शाई वाळलेली.
गळती नळाला असते.
तिच्या नावापुढे मी पेन्सिलनं 'वाटेत' लिहिलंय,
तेवढं पुसू नका.

उद्या नळाचा दिवस.
सव्वापाचला टाकीपाशी या.
येताना भांडं आणा.