कान्यातली फट

माजूफळं भिजत घातली की घरभर कडवट वास सुटतो.
गझाला नाक मुरडायची. आता ती नाही, वास आहे.
हिराकस, डिंक, चिमूटभर काजळी.
जेर्बा बेटावरच्या या गल्लीत आजोबांपासून शाई अशीच होते,
आणि बोरू असाच तासतात, तिरका,
अंगठ्याच्या नखावर टोक टेकवून.

नियम सोपा आहे.
एक अक्षर तुटलं की सबंध गुंडाळी बाद.
तीन लाखांवर अक्षरं,
त्यातल्या एका कान्याला केसाएवढी फट दिसली
तर शनिवारी सकाळी वाचणारा मध्येच थांबतो,
लोक माना वर करतात,
पोथी बासनात परत जाते.

म्हणून चाळीस वर्षं मी फटी शोधल्या.
चाकूने खरवडायचं, पुन्हा भरायचं.
नुसत्या कातड्यावरच्या नाही, रहमीन,
तुझ्या बोलण्यातल्यासुद्धा.
तू 'ब'पाशी अडकायचास,
कडी लागलेल्या दारासमोर उभं राहावं तसा,
आणि मी हातात पट्टी घेऊन.
पुन्हा. पुन्हा म्हण.
तुझी बोटं लाल, माझा आवाज शांत.
तो शांत होता, याचीच आता जास्त लाज वाटते.

पण एक जागा आहे.
आम्ही वाटेत भेटलो की एकमेकांना जो शब्द देतो,
ज्याचा अर्थ शांती,
आणि अखंड, पुरतं, काही उणं नाही असाही,
तोच शब्द एका ओळीत असा येतो
की त्याचा काना मोडका लिहायचा.
हातचुकीने नाही. मुद्दाम.
न मोडला तर चूक.

वडील सांगायचे:
तिथे हा शब्द देवाने दिला तो भाला चालवणाऱ्याला.
रक्ताळलेल्या हातात अखंड काही राहील कसं?
म्हणून तडा.
मी हा अर्थ पाठ केला होता,
दुसऱ्या कुणाचा पत्ता पाठ असावा तसा.

काल त्या ओळीपाशी आलो.
हात हल्ली कापतो, वर्षभरापासून.
वाटलं, बरं झालं, फट आपोआप पडेल.
नाही पडली.
कापरा हात सगळं बरबटून टाकतो.
फटीसाठी बोरू उचलावा लागतो,
काही न लिहिता
तिथेच थांबावं लागतं,
आणि मग त्याच रेषेत पुन्हा टेकवावा लागतो.
तू करायचास तेच.
दर वाक्यात, जेवताना, पाव मागताना,
सात वर्षांचा होतास तू.

तीन कातडी वाया गेली.
चौथ्यावर जमलं.
फटीतून बकरीची पिवळट कातडी दिसत होती,
आणि त्या एका अक्षराचा आमच्याकडे अर्थ होतो 'आणि'.
मी बराच वेळ तिथेच बसलो.
भाला माझ्याही घरात होता, फूटभर लांबीचा.
देवाने मला शब्द द्यायचा तर असाच दिला असता.
पण दिला असता. हे मला वडिलांनी सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी मार्सेयहून तुझा फोन येतो,
मासळीचं दुकान धुऊन झाल्यावर.
मागे पाण्याचा आवाज.
'ब', म्हणालास, आणि अडकलास.
इतकी वर्षं तो शब्द मीच पुरा करत आलो,
तुझ्या वतीने स्वतःला हाक मारत.
आज बाहेर कुणीतरी गाढव हाकत होतं,
चुलीवर माजूफळं उकळत होती,
उतू जायला आली होती,
जाऊ दिली.