शनिवारचा उपक्रम

विभागाची जीप नवरगावच्या शाळेत लागली
तेव्हा बकरीचा मेंदू मेसच्या स्टीलच्या डब्यात,
बर्फ अर्धा वितळलेला.

प्रणोती रामटेके, पीएचडीचं तिसरं वर्ष,
सेमिनारात पाऊण तास न अडखळणारी,
इथं ‘चेतापेशी’वरच अडली.
पोट्टे हसले.
खिचडीवाली सुगंधाबाई म्हणाली,
“आमी तं याले तिखटात टाकतो, बाई.”

मग मागच्या रांगेतून एक पोरगी:
“यात तिचं पिल्लू कोठी होतं?
म्हंजे, तिले आठवे ते?”

प्रणोतीनं चिमट्यानं घडी उलगडली,
समुद्रघोड्यासारखी, आत, ओली.
“इथं,” म्हणाली.
मग हळूच, “बहुतेक.”

परतताना धानाच्या बांध्या, अंधार,
कोणी मोबाइलच्या उजेडात
सोमवारच्या जर्नल क्लबचा पेपर वाचत होतं.
डबा तिच्या मांडीवर.
झाकण तिनं दोनदा दाबून पाहिलं.
उद्या मेसला घासून द्यायचा आहे.