नमुन्याचं नाव

अडतीस फायलींतून सतरा तऱ्हांचं एकच बटण निघालं,
तेव्हा मारिका म्हणाली, पुरे.
तार्तूत नोव्हेंबरात चारलाच अंधारतं;
दिव्याखाली बसून आम्ही सगळ्याचा रंग काढून टाकला.
करडी चौकट. फोटोच्या जागी फुली.
मजकुराच्या जागी तीन आडव्या रेघा, शेवटची आखूड,
बोलता बोलता कुणी दमावं तशी.

एकदा काढायचं, हवं तिथे ठेवायचं.
मूळ बदललं की सगळीकडे बदलतं.
हे तिने इतक्यांदा सांगितलं
की कँटीनचं सूप खारट लागलं तरी राइमो म्हणायचा,
मूळ सुधारा.

कार्डावर नमुन्याला एक नाव हवं होतं,
लांबलचक, डोक्यावर ठिपके असलेलं,
रकान्यात मावतं का बघायला.
हिलारने आईचं दिलं:
लाइने-हेल्मी प्युहायार्व.

फेब्रुवारीत ती गेली.
तोवर ती तीनशे बारा पडद्यांवर पोचली होती.
कुठे तिचं ग्रंथालयाचं पुस्तक परत करायचं राहिलेलं,
कुठे बसचा पास संपत आलेला,
कुठे दवाखान्यात तिची वेळ, उद्या साडेनऊची.
मारिका हळूच म्हणाली,
एका जागी बदललं की झालं. मी करू?
हिलार काही बोलला नाही.

सोमवारी बदलांच्या यादीत त्याची एक नोंद दिसली.
मूळ कार्ड. नावाचा रकाना आठ पिक्सेलनी रुंद केला.
कारण: आडनावाचं शेवटचं अक्षर
कापलं जात होतं.