प्रॉम्प्टर, बी.ए. भाग एक

साडेसहाला राइस मिलचा पट्टा थांबतो.
कोंडा थांबत नाही,
तो माझ्या भुवयांवर बसून कॉलेजात येतो.
खोली क्रमांक चार. दिवसा इथं पोरं शिकतात,
त्यांनी कर्कटकानं कोरलेली नावं
संध्याकाळी आमच्या कोपरांखाली येतात.

सुकेशिनी सहारे, आशा वर्कर,
पिशवीत वही आणि लोहाच्या गोळ्या.
ठेंगरी वायरमन. लाइट गेली
की सगळा वर्ग त्याच्याकडे पाहतो,
तो म्हणतो, आता मी विद्यार्थी आहो जी.

बावणकर मॅडम माझ्या थोरलीच्या वयाच्या.
ऋषी दोनाडकर?
हजर, मी म्हणतो.
ऋषी दोनाडकर?
हजर, मी म्हणतो.
त्या गैरहजर लिहितात.

चूक त्यांची नाही.
एकवीस हंगाम मी झाडीपट्टीत प्रॉम्प्टिंग केलं.
भाऊबीजेच्या मंडईपासून शिमग्यापर्यंत
रात्री दहा ते कोंबडा आरवेपर्यंत
विंगेत पाटावर, मांडीवर वही, वहीवर बॅटरी.
माझा आवाज हिरोच्या कानापर्यंत जायचा
आणि तिथंच विझायचा.
पहिल्या रांगेतल्या पोराला ऐकू गेला
तर मालक पाकिटातून पन्नास कापायचा.
सासवा माझ्या तोंडून सुनांना बोलल्या.
मरणाऱ्या बापाचे शेवटचे शब्द
गावोगाव आधी मी म्हटले,
मग तो मेला.
वन्स मोर आला की उठून बसायचा,
मी पान मागं उलटायचो.

घरीही तीच सवय.
शकुन म्हणते, भांडता तं जोरानं भांडा,
शेजाऱ्याले समजू द्या, या घरात माणूस राह्यते.

चाचणीत प्रश्न आला:
विराम म्हणजे काय ते उदाहरणासह लिहा. गुण पाच.
मी सोडून दिला.
माझ्या धंद्यात विराम म्हणजे आग लागणं,
दोन सेकंद झाले की शब्दांची बादली घेऊन धावायचं.

जानेवारीत गॅदरिंग. रात्रवर्गाची एकांकिका,
माझ्याच जुन्या कंपनीचा पडदा भाड्यानं आणलेला.
मॅडम म्हणाल्या, काका, आज तुम्ही समोर बसा.
समोर!
पडद्याची पाठ मला तोंडपाठ होती,
सुतळीच्या गाठी, रफू, मधोमध ओलीचा लांब डाग.
खुर्चीतून पाहिलं तर
तो डाग नव्हता, नदी होती. पलीकडून झिरपलेली.
नावही होती एक. नावेत कोणी नव्हतं.

तिसऱ्या प्रसंगात सुकेशिनी विसरली.
वाक्य माझ्या जिभेवर आलं, ओठ हलले,
ठेंगरीनं माझ्या गुडघ्यावर हात दाबला.
टिनाच्या छतावर काहीतरी सरपटत गेलं.
कोणीतरी शेंग फोडायची थांबला.
ती उभीच.
बाळंतिणीच्या दारात उभी राहते तशी,
आतून आवाज यायची वाट पाहत.
मग तिनं पदर खांद्यावर घेतला, म्हणाली,
थांबा जी. मले आठवू द्या.
आणि हॉलमधली एकही खुर्ची करकरली नाही.

हे वाक्य वहीत नव्हतं.
वही मला पाठ आहे म्हणून सांगतो.

नहराच्या रस्त्यानं सायकल हातात धरून परत आलो.
मध्ये एकदा बापाचे शेवटचे शब्द
मोठ्यानं म्हणून पाहिले.
आवाज पाण्यावरून गेला,
पलीकडच्या खळ्यातून कोणीतरी ओरडलं,
कोण आहे बे तिकडं?

सोमवारी हजेरी.
ऋषी दोनाडकर?
मी लगेच बोललो नाही.
मॅडमचा पेन रकान्यावर थांबला.
ठेंगरी मागं वळला.
बाहेर धानाच्या ट्रकनं लांब हॉर्न दिला,
तो मी पूर्ण संपू दिला.