पायाळू

मी पायाळू जन्मले, असं आई सांगायची.
पायाळूला जमिनीखालचं धन दिसतं म्हणे,
आणि विजेपासून जपावं लागतं.
वीज अजून पडलेली नाही.
धन म्हणाल तर लाँगटनच्या मैदानात, रविवारी साडेसहाला,
कुणाच्या तरी गाडीच्या डिकीत
जुन्या टॉवेलवर आडवं पडलेलं असतं.

आठवडाभर मी लोकांचे तळपाय बघते.
कुरुपं, भेगा, आत वळलेली नखं.
रविवारी बाहुल्यांचे.
या गावात त्याला कुणी हसत नाही.
इथे लग्नाच्या जेवणातही माणसं
बशी रिकामी झाली की हळूच उलटी करतात,
कुठल्या भट्टीची.

पाच पौंड, डिकीवाला म्हणाला, मोडकी आहे.
वीतभर उंचीची मेंढपाळीण.
धनगरीण म्हणायला जीभ धजत नाही,
असला झालरीचा झगा घालून मेंढरं कोण राखतं?
डाव्या हाताची करंगळी गेलेली.
कोकराचा एक कान नंतर कुणीतरी चिकटवलेला,
जांभळा टॉर्च मारला की तेवढा कान
चुना फासल्यासारखा उजळतो,
बाकी अंग गप्प.
नखाने टिचकी मारली. टण्ण.
म्हणजे पोटात तडा नाही.
उन्हात धरली तर झग्याच्या कडेतून
माझ्याच बोटांची सावली दिसली.
हाडांची राख घातल्याशिवाय मातीला असा उजेड येत नाही.
गाईच्या हाडांची.
हे मी सासूबाईंना कधी सांगितलं नाही,
इथे आल्या की त्यांना माझा पांढरा कपच लागायचा.

तळाला एक भोक, भट्टीत वाफ जायला.
शेजारी कारखान्याचा शिक्का,
शिक्क्यावरून आरपार ओरखडा:
डागी माल, कामगारांना स्वस्तात.
आणि ओरखड्याखाली तीन हिरवे ठिपके, एकाला शेपूट.
माझ्या तिन्ही पुस्तकांत हे ठिपके नाहीत.

मंगळवारी ईनिड कोलक्लफची पाळी.
वय एक्क्याण्णव, मधुमेह, उजव्या टाचेला जखम.
चौदाव्या वर्षी रंगखान्यात बसली ती साठीला उठली.
हाडाची रंगारीण.
तिचं पाऊल माझ्या मांडीवर,
माझी मेंढपाळीण तिच्या.
ठिपके तिने बघितलेच नाहीत.
चष्मा कपाळावर सारला, चेहरा नाकाशी नेला.
ही बेरिलची.
बेरिल डावी भुवई आधी काढायची
आणि उजवीपर्यंत पोचता पोचता तिचं लक्ष उडायचं.
बघ ना, कशाने तरी दचकलीय.

कशाने?

दारात देखरेखीची बाई आली असेल.

मग बराच वेळ काही नाही.
मी पट्टी सोडवत होते, ती कोकराचा कान चाचपत होती.
पैसे डझनावर मिळायचे, ईनिड म्हणाली,
तेही भट्टीतून धड निघेल त्याचेच.
त्या वर्षी बेरिल रोज सकाळी ओकायची.
टर्पेंटाइनचा वास सोसत नाही, असं सांगायची.
लग्न जुलैत होतं.
आम्ही मान डोलवायचो,
आणि तिचे राहिलेले चेहरे आपसांत वाटून घ्यायचो.
भुवई तिच्यासारखी.
खाली ठिपके तिचे.

मी हातातली कात्री खाली ठेवली.
मग ही बेरिलची, की तू काढलेली बेरिलची?

कारखान्याला कळलं नाही, ती म्हणाली,
तुला कशाला कळायला हवं?
आणि दुखलं तरी चालेल, नीट साफ कर.

रात्री वही उघडली.
कारखाना, साल, शिक्का, दोष, किंमत.
रंगारीण या रकान्यात बेरिल लिहिलं,
खोडलं, ईनिड लिहिलं,
तेही पेन्सिलीने.
मेंढपाळीण अजून पिशवीतच होती,
जखमेच्या गॉझमध्ये गुंडाळलेली, डोकं खाली.
हात घालून बाहेर काढली.
आधी पाय आले.